इंग्रजी वाचनाचा पोर्टफोलिओ: पहिली ते चौथीच्या वर्गावर नव्यानं आलेल्या शिक्षकांसाठी

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात, ऑर्डर घेऊन शाळेत आलात, की पहिल्या पंधरा दिवसांतच हेडसर सांगतात, "मुलांच्या फायली लावून टाका." त्या फाईलीत टाकायचं काय हे कुणी सांगत नाही. विचारलं तर "टाका हो, चित्रं-बित्रं, स्वाध्याय" एवढंच उत्तर येतं.

माझंही तसंच झालं. पहिली पोस्टिंग चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी. मी हौसेनं एकोणीस फायली केल्या. रंगवलेलं ॲपल, कापूस चिकटवलेली शीप (कापसाला आपल्याकडं काय तोटा), गिरवलेली एबीसीडी, वर स्केचपेननं नावं. भारी दिसायच्या. वर्षाच्या शेवटी भेटीला आलेल्या एका साहेबांनी त्यातली एक उचलली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, हे पोरगं इंग्रजी वाचतं का?" मला सांगताच येईना. म्हणजे पोरगं माहीत होतं, त्याचं घर माहीत होतं, पण जूनमध्ये त्याला काय येत होतं आणि आता काय येतं ते ना मला आठवत होतं ना त्या जाडजूड फाईलीत कुठं होतं.

तेव्हा डोक्यात शिरलं. चित्र काढलं की कागद उरतो, लिहिलं की वही उरते, पण वाचलेलं हवेत जातं. म्हणून वाचनाची फाईल, म्हणजेच पोर्टफोलिओ, ही आपण ऐकलेलं कागदावर उतरवून तयार करावी लागते, ती पोरांच्या कामातून आपोआप तयार होत नाही. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

१) हे आपण कशासाठी करतोय ते आधी पक्कं करा

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभराच्या रोजच्या कामाचे) ७० आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४० असा भारांश ठरला. म्हणजे लहान वर्गांत पेपरपेक्षा रोजच्या कामाला जास्त वजन. कागदावर हे फार छान आहे, पण होतं काय की ते ७० मार्क शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत बसून भरले जातात, सगळ्यांना अंदाजानं, आणि मग हुशार पोरगं ६४ आणि बाकीचे ५० च्या आसपास. सगळ्यांनाच माहीत आहे हे, मीही केलंय.

पोर्टफोलिओ असेल तर ते ७० कुठून आले ते दाखवता येतं. दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे उद्या या पोराला नेमकं काय शिकवायचं ते कळतं. एका पोराला अक्षरांचे आवाज येत नाहीत, दुसऱ्याला आवाज येतात पण जोडता येत नाहीत, तिसरा सगळं फाडफाड वाचतो पण अर्थ शून्य. पेपरात तिघांना सारखेच मार्क पडू शकतात, आणि तिघांना औषध वेगवेगळं लागतं.

२) सामान

फार लागत नाही, आणि शाळेला अनुदान येईपर्यंत थांबू पण नका.

- प्रत्येक पोरामागं एक साधी पुठ्ठ्याची फाईल, नाडीवाली असेल तर उत्तम. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात.
- पंचिंग मशीन, आणि तारखेचा शिक्का. शिक्का ऑफिसात पडलेला असतोच.
- दोन रंगांचे पेन.
- पाठकोरे कागद, चौथाई कापलेले. जुन्या अहवालांच्या झेरॉक्स भरपूर मिळतात.
- तीन-चार पातळ्यांचे वाचन-कागद, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंतचे छोटे उतारे, ते कसे बनवायचे ते खाली सांगतो.
- पाठ्यपुस्तकाची एक कोरी प्रत, जी कुठल्याही पोराच्या हाती कधी दिली नाही.
- मोबाईल, आणि त्यात थोडी जागा.
- सगळ्या फायली मावतील अशी पत्र्याची पेटी.

कोऱ्या प्रतीवर एवढा जोर का, तर आपल्याकडं पोरांच्या पुस्तकात (आणि गाईडमध्ये तर छापूनच) प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहिलेला असतो. मोठी बहीण लिहून देते, क्लासवाले लिहून देतात. पोरगं खडाखडा वाचतं, आपण खूश, आणि ते बिचारं वरची मराठी ओळ वाचतंय. माझ्या वर्गातली सगळ्यात फास्ट वाचणारी पोरगी कोऱ्या पुस्तकासमोर बसवली तर तिसऱ्या शब्दाला रडायला लागली. चूक तिची नव्हती, मी चार महिने तिचं मराठी वाचन तपासत होतो इंग्रजीच्या तासाला.

३) जून-जुलैत पहिलं ऐकणं

शाळा सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, पोरं जरा रुळू द्या. मग रोज दोन पोरं, प्रत्येकी पाच-सात मिनिटं. वर्गात बावीस पोरं असतील तर अकरा दिवसांत होतं. एका दिवसात सगळा वर्ग उरकायच्या भानगडीत पडू नका, दहाव्या पोरानंतर आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

बसायचं कुठं? टेबलाजवळ अजिबात नाही. टेबलाजवळ बोलावलं की पोराला वाटतं मार बसणार नाहीतर पेपर आहे. व्हरांड्यात, निंबाखाली, जिथं बाकीची पोरं दिसतील पण ऐकू येणार नाही अशा जागी, आणि शेजारी बसा, समोर नको. बाकीच्या वर्गाला तोवर चित्र काढायला द्या, किंवा जोडवर्ग असेल तर मोठ्या पोरांना लहानांचं वाचन घ्यायला लावा.

काय विचारायचं, तर पायऱ्या साध्या:

मोठी अक्षरं, मग छोटी अक्षरं, दोन्ही उलटसुलट क्रमानं. एबीसीडीचं गाणं सगळ्यांना येतं, त्याचा आणि अक्षर ओळखण्याचा संबंध नाही. मग अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज वेगवेगळे विचारा. "सी" म्हणता येणं आणि तो कॅटमध्ये "क" वाजतो हे कळणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या पोरांचं घोडं बहुतेक इथंच अडतं, कारण मराठीत "क" चं नाव पण क आणि आवाज पण क. इंग्रजीत नाव एक आणि आवाज भलताच, हा घोळ पोरांना कुणी उलगडून सांगतच नाही.

मग तीन अक्षरी सोपे शब्द, पॉट, हेन, बस, रॅट असे. मग छोटी वाक्यं. असर सर्व्हेत (ग्रामीण भागातल्या मुलांना काय वाचता येतं ते बघणारी देशभरची पाहणी) पण साधारण अशाच पायऱ्या आहेत, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, शब्द, वाक्य, आणि शब्द-वाक्य वाचलं तर अर्थ पण विचारतात. अर्थ विचारणं विसरू नका. अर्थ पोरगं मराठीत सांगो, अहिराणीत सांगो, पावरीत (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली) सांगो नाहीतर हातानं करून दाखवो, सगळं चालतं.

जिथं पोरगं अडलं तिथं थांबा. पुढची पायरी रेटत नेऊन त्याला नापास केल्यासारखं करू नका. कागदावर तारीख टाका, पायरी लिहा, आणि एक ओळ लिहा की कुठं अडलं. हा फाईलीतला पहिला कागद, आणि वर्षभर तुलना होणार ती याच्याशी. शेजारच्या पोराशी नाही.

४) वाचन-नोंद घ्यायला शिका (इथं वेळ घाला)

हा सगळ्यात कामाचा भाग आहे म्हणून जरा लांबवर सांगतो. ही पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची, इंग्रजीत तिला रनिंग रेकॉर्ड म्हणतात. पोरगं वाचत असताना आपण कागदावर खुणा करत जायच्या, बस.

पोराच्या हातात एक उतारा, आपल्या हातात त्याच उताऱ्याची दुसरी प्रत किंवा नुसता कोरा कागद. शब्द बरोबर वाचला की एक टिक. चुकीचा वाचला तर पोरानं काय म्हटलं ते शब्दावर लिहा, मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. शब्द गाळला तर आडवी रेघ. नसलेला शब्द घातला तर तो लिहा. आपण सांगावा लागला तर "सां". पोरानं चूक करून स्वतःच सुधारली तर "स्व".

मोजायचं असं: चुकलेले, गाळलेले, जास्तीचे आणि आपण सांगितलेले, प्रत्येकी एक चूक. स्वतः सुधारलेला शब्द चूक नाही. तोच शब्द दोनदा म्हटला तर ती पण चूक नाही. आता समजा उतारा ५० शब्दांचा आहे, चुका ४. पन्नासातून चार गेले ४६, म्हणजे ९२ टक्के.

- ९५ टक्के आणि वर: हे पोरगं हा मजकूर एकटं वाचू शकतं. पुढचा द्या.
- ९० ते ९४: शिकवायला ही बरोबर पातळी आहे.
- ९० च्या खाली: अवघड पडतंय, सोपा मजकूर द्या.

९० च्या खाली म्हणजे नापास नाही हो. आपण चुकीचा कागद हातात दिला एवढाच त्याचा अर्थ.

टक्के ही अर्धीच गोष्ट झाली. चूक कसली आहे ते बघायला मजा येते. एक उदाहरण देतो. चित्रात घोडा होता, खाली लिहिलेलं "हॉर्स", पोरानं वाचलं "हाऊस". आता या पोरानं सारंगखेड्याच्या यात्रेत शंभर घोडे बघितलेत, समोर घोड्याचं चित्र आहे, तरी म्हणतो हाऊस. म्हणजे तो अक्षरांकडं नीट बघतोय, दोन्ही शब्द जवळपास सारखेच दिसतात, फक्त अर्थाशी जुळवून घेत नाहीये. दुसऱ्या पोरीनं "हाऊस" च्या जागी "होम" वाचलं. ही चित्राकडं आणि अर्थाकडं बघतेय, पहिलं अक्षर पकडतेय आणि बाकीचं ठोकून देतेय. पेपरात दोघांचाही एक एक मार्क गेला असता. पण पहिल्याला मी विचारतो, "जमतंय का रे इथं?", आणि दुसरीला सांगतो, शब्दावर बोट ठेव आणि शेवटपर्यंत बघ.

"पॉट" ला "टॉप", "वॉज" ला "सॉ", बी आणि डी ची अदलाबदल, हे पहिली-दुसरीत होतंच, लगेच घाबरून पालकांना बोलावू नका. नोंद मात्र ठेवा, तिसरीच्या शेवटी पण तेवढंच होत असेल तर बघायचं.

खड्डा: पाठ्यपुस्तकातला पाठ या कामासाठी वापरू नका. दहा वेळा वर्गात वाचलेला पाठ पोरांना पाठच असतो, पुस्तक उलटं धरून पण म्हणून दाखवतील. त्याच ओळखीच्या शब्दांचे नवीन उतारे स्वतः बनवा. माझे उतारे एकदम गावठी आहेत, मांजर बैलगाडीवर बसलं, कोंबडी डब्यात शिरली, लाल बस आली आणि कुत्रा पळाला, असे. पोरं हसतात, आणि हसली की कळतं अर्थ लागला. संशय आला तर उताऱ्याच्या मधलाच एखादा शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दाखवा. पाठ केलेलं पोरगं तिथं अडकतं.

दुसरा खड्डा: घड्याळ. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला निदान ६० अशी उद्दिष्टं आहेत, पण ती ज्या भाषेतून पोरगं शिकतं त्या भाषेच्या वाचनासाठी. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजी, अशा पोराला इंग्रजीत तोच आकडा लावू नका. वेग मोजायला लागलात की पोरं अर्थ सोडून पळायला लागतात, हे मी एक सहामाही करून बघितलंय, सगळी पोरं क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखी वाचत होती.

५) बोलीची चूक ही वाचनाची चूक नाही

हे खास आपल्या भागासाठी. आता मी अमळनेरच्या बाजूला आहे, वर्ग जवळजवळ सगळा अहिराणी. अहिराणीत डोळ्याला डोया, काळ्याला काया, आणि घरी बऱ्याच जणांच्या तोंडी "श" चा "स" होतो. मग पोरगं "शिप" ला "सिप" वाचतं, "शी" ला "सी". ही चूक धरायची का?

नाही. त्यानं अक्षर बघितलं, शब्द ओळखला, विचारलं तर "पान्यावर चालस ती" म्हणून बरोबर सांगितलं, तर वाचन बरोबर. उच्चार त्याच्या जिभेचा आहे. टिक करा, आणि कोपऱ्यात हवं तर "उच्चार" असं लिहून ठेवा, तो बोलण्याच्या तासाला बघू. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही "व" वाजणं, "इस्कूल" म्हणणं, हे पण त्यातच. आपण शिक्षक तरी कुठं फार वेगळे बोलतो, माझं इंग्रजी ऐकून पुण्याच्या प्रशिक्षणात दोन मॅडम हसल्या होत्या.

पण एक बारीक फरक आहे. "सिप" म्हणून जहाजाचा अर्थ सांगितला तर बोली. "सिप" म्हणून "माहित नै" म्हटलं तर त्याला एस-एच ची जोडी कळलेली नाही असंही असू शकतं. म्हणून अर्थ विचारायचाच. शंका आली तर "शॉप", "फिश" असे अजून दोन शब्द दाखवून बघा.

आणि पहिल्या पोस्टिंगला माझी पोरं पावरी बोलणारी, मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिथं चौथीतली एक पोरगी माझी दुभाषी होती. लाज वाटायचं कारण नाही, असा दुभाषी शोधा, आणि नोंदीत लिहा की अर्थ दुभाष्यामार्फत विचारला.

६) फाईलीत काय राहू द्यायचं आणि काय काढायचं

एका पोराच्या फाईलीत वर्षाला बारा-पंधरा कागद पुष्कळ झाले. साधारण हे:

- जुलैचा पहिला कागद.
- वाचन-नोंदी, दीड-दोन महिन्याला एक, म्हणजे वर्षात चार किंवा पाच.
- ओळखीच्या शब्दांची यादी. द, इज, शी, वॉज असे नेहमी येणारे शब्द, येईल तशी त्यापुढं तारीख टाकायची. अशा शब्दांची डॉल्च या अमेरिकी अभ्यासकांची २२० शब्दांची यादी नेटवर मिळते, सगळी घेऊ नका, पहिलीला वीस-पंचवीस बस झाले.
- वाचून काढलेलं चित्र, म्हणजे वाक्य वाचायला द्यायचं आणि त्याचं चित्र काढायला लावायचं. "टू रेड हेन्स" वाचून पोरानं दोन लाल कोंबड्या काढल्या तर ते वाचनाचा पुरावा आहे. छापील ॲपल रंगवणं हा पुरावा नाही, ते एक अक्षर न वाचता पण होतं.
- वाचलेल्या गोष्टीच्या पुस्तकांची यादी, पोराच्या हातची.
- पोराचं स्वतःचं म्हणणं, पुढच्या मुद्द्यात सांगतो.

प्रत्येक कागदावर तारीख, आणि तिथंच "एकट्यानं वाचलं / मदतीनं वाचलं" असं. तारीख नसलेला कागद म्हणजे रद्दी. आणि तारखा मागाहून टाकू नका, एकाच पेनच्या एकाच शाईत पाच महिन्यांच्या तारखा असल्या की कुणालाही कळतं.

घरून करून आणलेलं काही फाईलीत नको. ते आईनं, मावशीनं नाहीतर झेरॉक्सवाल्यानं केलेलं असतं.

७) पोरालाच निवडू द्या

दोन महिन्यांतून एकदा फायली पोरांच्या हातात द्या आणि सांगा, यातलं तुला सगळ्यात आवडलेलं एक पान काढ आणि का आवडलं ते सांग. पहिल्यांदा सगळी पोरं ज्यावर गुरुजींनी स्टार दिला तेच पान काढतील, काही बोलू नका. तिसऱ्या खेपेला हळूहळू उत्तरं बदलतात. एका पोरानं सगळ्यात जास्त चुका असलेलं पान काढलं, मी म्हटलं हे का रे, तर म्हणाला, "माले आते वाचता येस ना हाई." तेच त्या कागदावर त्याच शब्दांत मी लिहून ठेवलं, शुद्ध मराठी न करता. पोरानं सांगितलेलं आहे तसं लिहा, "मला आता सदर उतारा वाचता येतो" असं करू नका प्लीज.

लहान पोरांना लिहिता येत नसेल तर तीन चेहरे काढून ठेवा, हसरा, बरा, रडका, आणि त्यावर गोल करायला लावा.

८) मोबाईलवर आवाज

वर्षातून तीनदा पुरे, जुलै, डिसेंबर, एप्रिल. एकेक मिनिट. नुसता आवाज, व्हिडिओ नको, जागा खातो आणि पोरं कॅमेऱ्याकडं बघत बसतात. रेकॉर्ड झाली की लगेच फाईलला नाव द्या, हजेरी क्रमांक आणि महिना. मी पहिल्या वर्षी "नंतर देऊ नावं" म्हटलं आणि मग एकसष्ट रेकॉर्डिंग ऐकत बसलो की हा आवाज कुणाचा.

पालकांना विचारूनच करा, शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विषय घेऊन टाका. आणि वर्गाच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही म्हणजे नाही. चांगलं वाचणाऱ्याचं टाकलं तर बाकीच्यांना टोमणे, अडखळणाऱ्याचं टाकलं तर त्याला गावभर चिडवणार. मोबाईल हरवला, फुटला, की सगळं गेलं, म्हणून महिन्याला एकदा पेनड्राईव्हवर घ्या.

९) नोंदवहीत काय लिहायचं

आकारिकच्या वर्णनात्मक नोंदींत आपण सगळे लिहितो "वाचन चांगले करतो", "वाचनात सुधारणा आवश्यक". यातून पुढच्या शिक्षकाला काय कळणार? फाईल समोर असेल तर नोंद अशी होते:

"तीन अक्षरी शब्द आवाज जोडून वाचतो. शेवटी मुका ई असलेले शब्द अडतात, काईट ला किट वाचतो. वाक्याचा अर्थ अहिराणीत बरोबर सांगतो."

"चित्र झाकले की थांबते. शब्दाचे पहिले अक्षर पाहून अंदाज करते. डिसेंबरनंतर स्वतः चूक सुधारू लागली."

दोन ओळी, पण त्यात उद्याचा धडा आहे. मार्क देताना तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय अशी जी साधनं आहेत त्यात हे कागद वाटून टाका, वाचन-नोंद तोंडी कामात, वाचून काढलेलं चित्र उपक्रमात. वेगळं रजिस्टर काढू नका, आधीच काय कमी आहेत का रजिस्टरं.

१०) पालकांना दाखवायचं कसं

दिवाळीच्या आगंमागं पालकसभा ठेवली तर कुणी येत नाही, कापूस वेचणी चालू असते, आणि येणार तरी कसे, वेचणीचे दिवस गेले तर बोंडं झाडावर राहतात. संध्याकाळी साडेसहा-सातला ठेवा, किंवा सरळ गल्लीत जा, ओट्यावर बसा.

बऱ्याच आयांना इंग्रजी येत नाही, काहींना वाचताच येत नाही, त्यांच्यासमोर टक्के सांगून उपयोग नाही. जुलैचा आवाज लावा, मग डिसेंबरचा लावा. एक अक्षर न कळणाऱ्या आजीला पण फरक कळतो. एका आईनं दोन्ही तीनदा ऐकले आणि जुलैचा पुसू नका म्हणाली. टक्केवारी आणि शेजारच्या पोराची फाईल या दोन गोष्टी मात्र त्या ओट्यावर काढू नका.

"क्लास लावू का मग?" हा प्रश्न येणारच. तेव्हा ओळखीच्या शब्दांची यादी काढून द्या आणि सांगा, रोज पाच शब्द, पोराकडून वाचून घ्या, तुम्हाला नाही आलं तरी चालतं, तुम्ही फक्त ऐका.

११) मध्येच जाणारी पोरं

ऊसतोडीला, वीटभट्टीवर आईबापाबरोबर जाणारी पोरं दिवाळीनंतर गायब होतात आणि एप्रिलमध्ये नाहीतर सरळ जूनला उगवतात. त्यांना शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचा कागद) देतो आपण. त्याच्याबरोबर शेवटच्या वाचन-नोंदीची झेरॉक्स, शब्दांची यादी आणि दोन वाचन-कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, मूळ फाईल देऊ नका, ती फडावर टिकत नाही. तिकडच्या शिक्षकाला निदान कळतं की हे पोरगं शून्यावर नाहीये. माझ्याकडून गेलेल्या चार पिशव्यांपैकी एक परत आली, तिच्यात तिकडच्या मॅडमनी दोन नवीन नोंदी जोडल्या होत्या, तारखेसकट.

१२) एप्रिलमध्ये

सकाळची शाळा, ऊन असं की साडेदहाला पत्रा तापतो, त्यामुळं शेवटचं ऐकणं मार्चअखेर सुरू करा. मग फाईलीतून तीनच कागद काढून पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला द्या, जुलैचा पहिला, शेवटची वाचन-नोंद, आणि शब्दांची यादी. पंधरा कागद दिले तर ते उघडणार नाहीत, मी पण उघडले नसते. चित्रं आणि बाकीचं पोरांना घरी देऊन टाका, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाच्या गावी जाताना घेऊन जातात दाखवायला.

आणि ती पत्र्याची पेटी जमिनीवर ठेवू नका, खाली चार विटा लावा आणि भिंतीपासून हातभर लांब सरकवा. दुसऱ्या वर्षीच्या माझ्या अकरा फायली सुट्टीत वाळवीनं खाल्ल्या, पेटी बंद होती तरी, बुडाला गंज लागून भोक पडलेलं मला दिसलं नव्हतं.